गिनीपिगांच्या खोलीतली हवा

मला पहिली नोकरी लागली ती शिंका मोजायची. घरी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "कोणाच्या?"

"गिनीपिगांच्या."

आईने गिनीपिग कधी पाहिला नव्हता. मी हाताने आकार दाखवला. उंदरापेक्षा बराच मोठा, सशापेक्षा लहान, शेपूट नाही, कान गोल. ते खरंच शिंकतात का, असं तिने विचारलं. शिंकतात, म्हटलं, म्हणजे आपण त्यांना शिंकायला लावतो. मग म्हणाली, "एम.एस्सी. यासाठी केलंस?"

ही नव्वदीच्या मधली वर्षं. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, दक्षिण दिल्लीतलं क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही गाझियाबादला एका नव्या सोसायटीत राहायला आलो. आमची बिल्डिंग तेवढी पुरी झाली होती, चारी बाजूंना बाकीच्या उभ्या राहत होत्या. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकले की सिमेंट उडायचं. सकाळी जिन्यात प्रत्येक दारामागून शिंका ऐकू यायच्या. बिहारी, पंजाबी, तमिळ, सगळ्यांच्या सारख्याच. बाजारात नव्या कंपन्यांच्या नव्या गोळ्या यायला लागल्या होत्या. जुन्या गोळीने नाक थांबायचं, पण माणूस दिवसभर पेंगायचा. ज्याने झोप येणार नाही असं औषध सगळ्यांना हवं होतं. असंच एक औषध जनावरांवर तपासायचं काम दिल्लीतल्या आमच्या लॅबकडे आलं होतं आणि त्या कामासाठी मला घेतलं होतं.

काम सांगायला सोपं आहे. गिनीपिगाला अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन दोनदा टोचायचं, आठवड्याच्या अंतराने. त्याच्या शरीराला ते शत्रूसारखं वाटायला लागतं. दोन-तीन आठवडे थांबून तेच प्रथिन थेंब-थेंब नाकात सोडायचं. मग त्याला काचेच्या पेटीत ठेवून अर्धा तास समोर बसायचं. माझ्या दोन्ही हातांत बोटाने दाबायचे काउंटर असायचे. शिंकला की उजवा दाबायचा, पुढच्या पायांनी नाक चोळलं की डावा. निम्म्या जनावरांच्या नाकात फक्त मिठाचं पाणी सोडायचो. त्यांनी शिंकायला नको, फार तर एखाददुसरी. या दोन गटांतल्या फरकावरच सगळी इमारत उभी होती. औषधाचा प्रश्न त्यानंतरचा.

गिनीपिग ज्या इमारतीत राहायचे तिला सगळे ॲनिमल हाउस म्हणत. मुख्य इमारतीच्या मागे, कडुनिंबाखाली, बसकी आणि पिवळी. तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा आतून शिट्ट्यांचा गलका चालला होता. गिनीपिग भुकेला असला की शिट्टी मारतो. आणि त्या गलक्यात कोणीतरी म्हणत होतं, "आरं गप, आलो की! येकदम समद्यांना कसं देऊ?"

मी दारातच थांबले. "काका, तुम्ही मराठी?"

हातात चाऱ्याचं घमेलं घेतलेला एक उंच, काटक माणूस वळला. डोक्यावर खाकी लोकरी टोपी, मिशा पांढऱ्या. "साताऱ्याकडचा. तुमी?"

"मी इथलीच. पण मराठी."

"दिल्लीची मराठी," ते म्हणाले आणि हसले.

ते फौजेतून निवृत्त झाले होते. डोंगरातल्या ठाण्यांवर सामान वाहून नेणाऱ्या खेचरांच्या तुकडीत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. निवृत्तीनंतर ओळखीने हे काम मिळालं आणि ते दिल्लीतच राहिले. घर, शेत आणि बायको गावाकडे, मुलगा फौजेत, आणि हे पालमजवळच्या एका गावात खोली घेऊन एकटे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ताई. माझ्या मराठीची त्यांना गंमत वाटे. मी 'घास' म्हटलं की ते विचारत, "कुणाला भरवायचा?" मग मी गवत म्हणायचे. दावं, वेसण, गव्हाण हे शब्द मला त्यांच्याकडून मिळाले. आमच्या घरात ते कधी लागलेच नव्हते.

जनावर हातात धरायलाही त्यांनीच शिकवलं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. "तुमचाच हात थरथरतोय, तर त्यानं शांत कसं ऱ्हायाचं? आधी आपला श्वास खाली घ्या." घाबरलेला गिनीपिग दगडासारखा बसून राहतो, शिंकत नाही, नाक चोळत नाही. मग मोजणी खोटी होते. आमच्या कामाचा निम्मा खरेपणा काकांच्या हातांत होता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

प्रत्येक तुकडीचा शेवट ठरलेला असायचा. मोजणी संपली की जनावरांना पुन्हा जाग येणार नाही इतकं भुलीचं औषध द्यायचं आणि नाकातलं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हे मी करायचे. पहिल्या वेळी घरी जाऊन जेवले नाही. नंतर जेवायला लागले, हेही खरं. त्या दिवशी सकाळी काका त्या तुकडीला गाजरं घालायचे आणि चहाला म्हणून फाटकाबाहेर निघून जायचे. एकदा मी विचारलं, गाजरं का.

"येशीपातुर सोडाया तर जाता येत न्हाय," ते म्हणाले. "मग खाया घालतो."

दुसऱ्या हिवाळ्यात आकडे बिघडले.

डिसेंबरच्या शेवटी नवी तुकडी सुरू केली होती. मिठाच्या पाण्याचे गिनीपिग शिंकायला लागले. एखाददुसरी नाही, भरपूर. नाकं तर सारखी चोळत होते. दोन गटांमधला फरक जवळपास पुसला गेला. आमच्या मॅडमनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते त्या शास्त्रज्ञ बाईंनी, माझी वही दोनदा वाचली. त्या हळू बोलायच्या आणि त्याचीच भीती वाटायची.

"पिपेट बदलती हो हर बार?"

"जी मॅडम."

"बाटल्यांवरच्या खुणा कोणी केल्या?"

"मीच."

"मग शोधून काढ. नाहीतर ही अख्खी तुकडी फेकून द्यावी लागेल. फेकून म्हणजे काय, तुला माहीत आहे."

माहीत होतं. तितकी जनावरं फुकट जाणार आणि त्यांच्या जागी तितकीच नवी येणार.

मी पिपेट बदलल्या, बाटल्या नव्याने भरल्या, मोजणीच्या खोलीतली काचेची पेटी स्पिरिटने पुसली. फरक पडला नाही. गिनीपिग राहायचे त्या खोलीत मी त्या दिवसांत जातच नव्हते. काका त्यांना टोपलीत घालून आणून द्यायचे आणि परत न्यायचे. शेवटी एका सकाळी पहिली बस पकडून लवकर पोचले आणि थेट ती खोली उघडली.

डोळ्यांतून पाणीच आलं. मुताचा उग्र वास घशाला झोंबत होता. थंडीसाठी खिडक्या बंद होत्या. पिंजऱ्यांखालच्या ट्रेमधला भुसा काळा आणि ओला झाला होता, कितीतरी दिवसांचा. अशा हवेत चोवीस तास राहणारं कोणतंही नाक शिंकणारच, मग त्यात मीठ सोडा की अंडं. भिंतीवर सफाईची वही टांगलेली होती. तिच्यात एक दिवसाआड सफाई केल्याच्या काकांच्या सह्या होत्या. एकही दिवस चुकला नव्हता.

मला राग आला. ज्या माणसाने मला श्वास खाली घ्यायला शिकवलं त्याने असं करावं? मी मागच्या दाराने बाहेर पडले. काका मागच्या पायरीवर उन्हाच्या पट्ट्यात बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर चढलेले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मला बघून ते उठायला गेले, पण उठता आलं नाही.

"थंडी," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "जरा थांबा. हुतंय बरं."

मी शेजारी बसले. राग कुठे गेला कळलं नाही. श्वास जरा जागेवर आल्यावर त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षापासून हे चाललं होतं. आधी नुसत्या शिंका, डोळ्यांना खाज. मग छाती. ट्रे काढून भुसा झाडला की घटकाभरात दम कोंडायचा.

"रविवारी कसं असतं?" मी विचारलं.

"रविवारी झ्याक."

"गावाला गेला होतात तेव्हा?"

"महिनाभर काय सुदीक न्हवतं." ते माझ्याकडे बघत राहिले. मी काय विचारते आहे ते त्यांना कळत होतं, बहुतेक बरंच आधीपासून. "ताई, खोटी सही म्या फौजेत येकदा बी केली न्हाय. हितं केली. ह्यांना सोडून मला दुसरं काय येतं? मॅडमना सांगू नका. थंडी गेली की हुईल बरोबर."

मी सांगितलं नाही.

त्या सकाळी सगळे ट्रे मी साफ केले. काका नाकाला मफलर लावून दाराबाहेर उभे राहून सांगत होते, कोणता ट्रे आधी, ओला भुसा कशात भरायचा, कोरडा किती घालायचा. खिडक्या उघडल्या. पुढचा आठवडाभर मी रोज पहिल्या बसने येत राहिले. घरी सांगितलं काम वाढलंय, आणि ते खोटं नव्हतं. चार दिवसांत मिठाच्या पाण्याच्या गिनीपिगांची नाकं शांत झाली. मला फार बरं वाटलं. आकडेही वाचले आणि काकाही वाचले, असं मी समजत होते.

मॅडमनी नवे आकडे पाहिले. "अच्छा. काय बदललंस?"

"एक्झॉस्ट फॅन बंद होता, मॅडम. आता चालू केलाय."

नंतर कळलं, त्या संध्याकाळी त्या स्वतः जाऊन पंखा बघून आल्या होत्या. पंखा कधीच बंद पडलेला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, मोजणीच्या वेळी, काका टोपली घेऊन व्हरांड्यातून येत होते. मी आणि मॅडम दारात उभ्या होतो. ते मध्येच थांबले. टोपली सावकाश खाली ठेवली, झाकणाची कडी लागली आहे ना हे हात लावून बघितलं आणि मग भिंतीला पाठ लावून खाली बसले. ओठ निळसर दिसत होते. बोलता येत नव्हतं.

मॅडमची गाडी होती. मागच्या सीटवर मी काकांना धरून बसले, मॅडम चालवत होत्या. लाल दिव्याला थांबल्या की मागे वळून बघायच्या. सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्यांना प्राणवायू लावला, सुया दिल्या. दोनेक तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता धोका नाही, पण आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

बाहेरच्या बाकावर मी मॅडमना सगळं सांगितलं. ट्रे, सह्या, माझी पहिली बस, पंखा.

"किती दिवस माहीत होतं तुला?"

"आठ."

त्यांनी आवाज चढवला नाही. "आठ दिवस तू गिनीपिगांची हवा साफ केलीस," त्या म्हणाल्या. "और आदमी को उसी में रहने दिया."

ते माझ्या मनातही आलं नव्हतं. ट्रे मी साफ करत होते, पण चारा तेच घालत होते, जनावरं तेच उचलत होते. मला वाटलं होतं मी त्यांचं गुपित सांभाळते आहे, म्हणजे त्यांना सांभाळते आहे. मी रडायला लागले. मॅडमनी थोडा वेळ रडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "मीही गेली सहा वर्षं हाच आजार जनावरांत शोधते आहे. ते रोज सकाळी मला दार उघडून देत होते. मीही विचारलं नाही."

तीन आठवड्यांनी काकांची ॲलर्जीची तपासणी झाली. सोबत मी गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातावर पेनाने रेघा आखल्या, एकेका घरात एकेक थेंब ठेवला आणि सुईने हलकेच टोचलं. धूळ, परागकण, बुरशी, झुरळ, आणि शेवटच्या दोन घरांत गिनीपिगाचे केस आणि मूत्र. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. दहा मिनिटांतच शेवटच्या दोन घरांत गांधी उठल्या, चिंचोक्याएवढ्या. बाकीची कातडी स्वच्छ होती.

काकांनी हात उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. "म्हंजे ह्यांचंच," ते म्हणाले.

"ह्यांचंच, काका."

"खेचरांनी बावीस वर्सांत काय केलं न्हाय." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दुसऱ्या हाताने ते त्या गांधी हलकेच चाचपत होते. "आता मला त्यांच्याजवळ जाऊ देणार न्हाय, व्हय?"

डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हती, पण प्रश्न कळला असावा. त्यांनी 'नाही' अशी मान हलवली.

ऑफिसचं म्हणणं सरळ होतं. जनावरं सांभाळायला घेतलेल्या माणसाला जनावरं सोसत नसतील तर त्याने घरी जावं. मॅडम काकांच्या बदलीच्या कागदापायी महिनाभर मजले चढत-उतरत होत्या. त्यांचा मुद्दा एकच होता: आजार घेऊन हा माणूस इथे आला नाही, तो त्याला इथे झाला. शेवटी काकांना मुख्य इमारतीतल्या भांडारात काम मिळालं. काचेची भांडी, रसायनांच्या बाटल्या, खोकी. जनावरांचं काही नाही. आणि आणखी एक गोष्ट मॅडमनी सुरू केली. ॲनिमल हाउसमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एका नळीत जोराने फुंकायचं, म्हणजे छातीची ताकद कळते. ते काम माझ्याकडे आलं. पहिल्याच फेरीत झाडू मारणाऱ्या बाई आणि एक विद्यार्थी, दोघांची फुंकर कमी भरली. दोघांनीही आधी थंडीचं कारण सांगितलं. या वेळी मी त्याच दिवशी मॅडमकडे गेले.

भांडारात काका खूश नव्हते, पण नीट श्वास घेत होते. संध्याकाळी सुटले की घरी जायच्या आधी ते ॲनिमल हाउसच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली, खिडकीपासून दहा पावलांवर उभे राहायचे. आत जात नसत. एकदा मी आत होते आणि बाहेर ते माळ्याशी काहीतरी बोलले. खोलीतले सगळे गिनीपिग पिंजऱ्यांच्या जाळीवर पाय टेकवून शिट्ट्या मारायला लागले. नव्या माणसाने त्यांना दोन तासांपूर्वीच पोटभर चारा घातला होता. मी खिडकीतून हाक मारली, "काका, ऐकलं?"

"ऐकलं," ते म्हणाले. "चाबरी हायेत." आणि टोपी नीट करून फाटकाकडे चालू लागले.

ती बिघडलेली तुकडी अखेर बाद करावी लागलीच. सुरुवातीच्या आठवड्यांचे आकडे कशातच धरता येत नव्हते. ती जनावरं दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नव्हती. त्या दिवशी गाजरं मी आणली, करोल बागेतून येताना, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली. काकांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. दुपारी भांडाराच्या दारात ते भेटले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "खाल्ली का समद्यांनी?" खाल्ली, म्हटलं. ती सगळी जनावरं मी मोजून-मापून, सावकाश, हात न थरथरता संपवली. असल्या कामात त्यांच्यासाठी एवढंच करता येतं. त्याहून जास्त काही करता येतं असं मी कधी म्हटलं नाही.

औषध बरं निघालं, फार चांगलं नाही. शिंका निम्म्याने कमी व्हायच्या, नाक चोळणं मात्र तसंच राहायचं. कंपनीने पुढे त्याचं काय केलं मला माहीत नाही. आमचा लेख छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत मॅडमनी काकांचं पूर्ण नाव घातलं, हुद्द्यासकट. त्याआधीच्या कोणत्याही लेखात ते नव्हतं. तोवर काका नोकरी सोडून गावी गेले होते. मी त्या पानाची झेरॉक्स टपालाने पाठवली, सोबत आमच्या घरचा फोन नंबर.

दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी फोन वाजला. वडिलांनी घेतला आणि माझ्याकडे देत म्हणाले, "साताऱ्याहून. एसटीडी दिसतोय, लवकर बोल."

"ताई, कागद मिळाला," काका मोठ्याने ओरडून बोलत होते. "मास्तरांकडनं वाचून घेतला. इंग्रजी हाय समदं."

"तुमचं नाव आहे ना त्यात?"

"हाय की. मास्तर म्हणले, हे लोक जगभर वाचत्यात. खरं का?"

"थोडे लोक वाचतात," मी म्हटलं. "पण जगभरातले."

ते हसले. हसताना खोकला आला नाही, ते मी ऐकून घेतलं. "शेळ्या घेतल्यात पाच," ते म्हणाले. "मंडळी म्हणत हुती, नका, पुन्यांदा छाती धरंल. आधी येकच आणली. रात-दीस गोठ्यात तिच्यापाशी बसलो दहा दिवस. काय झालं न्हाय. मग बाकीच्या आणल्या."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं. तालुक्याला जाऊन नळीत फुकून बी आलो." मग पलीकडे कोणीतरी त्यांना हाक मारली. "ताई, येक व्यायला झालीया, पहिलारू हाय. जातो म्या."